६१७४ आणि हरवलेले शून्य

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत एक साधीशीच कृती मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि हे नाव जगभर पोहोचले.

पायथन शिकू लागलो तेव्हा पहिला प्रोग्राम याचाच लिहावा, असे मी ठरवले. अंक सुटे करायचे, क्रम लावायचा, वजाबाकी करायची. ६१७४ किंवा शून्य आले की थांबायचे. १००० ते ९९९९ या ९००० संख्यांतून ११११, २२२२ अशा नऊ वगळल्या की उरतात ८९९१. संगणकाने त्या पाहता पाहता तपासल्या. ८९२३ संख्या ६१७४ला पोहोचल्या, पण ६८ शून्यावर संपल्या. क्षणभर वाटले, मास्तर चुकले!

त्या ६८पैकी २१११ ही संख्या घेऊन मी कागदावर बसलो. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. संगणकाच्या लेखी ही तीन अंकी संख्या. म्हणून ९९९ वजा ९९९, शून्य. पण खेळ चार अंकांचा आहे. कागदावर आपण ०९९९ लिहितो. पुढे ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. संख्या म्हणून डावीकडच्या शून्याला किंमत नाही. अंकांच्या मांडणीत मात्र ते एक घर अडवून बसते. उत्तर नेहमी चार घरांत लिहायचे, एवढी एक ओळ वाढवली आणि सगळ्या ८९९१ संख्या ६१७४ला आल्या.

मर्यादित संख्या एकूण एक तपासल्या, तर ती सिद्धताच ठरते. पण ‘का’ याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी थोडे बीजगणित हवे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९. दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या होतात अवघ्या ५४.

म्हणजे पहिल्याच पायरीला ८९९१ संख्या ५४ उत्तरांत गोळा होतात. तेवढी उत्तरे तपासायला संगणकही नको. वहीचे पान आणि एक निवांत दुपार पुरे. फक्त ९९९च्या आधीचे शून्य विसरू नका.