त्वचा सैल का पडते, आणि आपल्या हातात काय आहे?

मागचा भाग केसांवर होता, पण त्यानंतर तुमचे जे निरोप आले त्यात निम्मे प्रश्न त्वचेचे होते. हैदराबादच्या एका मैत्रिणीने विचारलं आहे, "ताई, वय सत्तेचाळीस. गळ्याची कातडी सैल पडायला लागली आहे. दर महिन्याला तीन हजारांची कोलॅजन पावडर घेते. चालू ठेवू की बंद करू?" या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. कारण आत काय घडतं ते कळलं, तर उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

त्याआधी एक कबुली. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तपासणीसाठी तिचं रक्त घेतलं, कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी लावली. संध्याकाळी ती पट्टी मी ओढून काढली. पट्टीबरोबर दोन बोटं रुंद कातडी निघून आली. मी इंदूरला पंचवीस वर्षं त्वचारोगाची डॉक्टर म्हणून काम करते, आणि हे माझ्या हातून झालं. आई एवढंच म्हणाली, "अगं, जुन्या लुगड्याला असं ओढतात का?" ती जखम भरायला पाच आठवडे लागले. तेव्हापासून त्वचेच्या लवचिकतेला मी नुसता सौंदर्याचा विषय मानत नाही.

आत काय आहे?

आता एक छोटा प्रयोग करा. हाताच्या पंजाची वरची कातडी चिमटीत धरा, उचला आणि सोडा. घरात नातवंड असेल तर त्याच्याही हातावर करून पाहा. त्याची कातडी सोडल्याबरोबर जागेवर बसते. आपली थोडी रेंगाळते. आजीची तर काही क्षण तशीच उभी राहते.

असं का होतं? वरून दिसणारी बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असते. त्वचेची खरी ताकद तिच्याखालच्या थरात, अंतस्त्वचेत असते. तिथे दोन प्रकारचे धागे असतात. पहिला कोलॅजन. पाणी वगळलं तर या थराच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजनचाच असतो. दुसरा इलॅस्टिन. तो अगदी थोडा, काही टक्केच. सुतळीने विणलेली खाट डोळ्यांसमोर आणा. सुतळी म्हणजे कोलॅजन, ती भार पेलते. त्या विणीत मधूनमधून इलॅस्टिकची नाडी घातली आहे असं समजा. ते इलॅस्टिन. माणूस उठला की खाट पुन्हा ताठ करण्याचं काम त्याचं. शिवाय या धाग्यांच्या मध्ये हायलुरॉनिक आम्ल नावाचा पदार्थ असतो, तो पाणी धरून ठेवतो.

हे धागे विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. वय वाढतं तशा त्या मंदावतात. तरुणपणानंतर त्वचेतलं कोलॅजन दर वर्षी साधारण 1 टक्क्याने कमी होत जातं. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर ही घसरण एकदम वेग घेते, कारण इस्ट्रोजेनचा आधार जातो. पहिल्या 5 वर्षांत त्वचेतलं जवळजवळ 30 टक्के कोलॅजन जाऊ शकतं. म्हणून पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान अनेकींना वाटतं की आपण अचानक म्हाताऱ्या दिसायला लागलो. हा मनाचा खेळ नाही, आत खरोखर तसं घडत असतं.

इलॅस्टिनची गोष्ट आणखी वेगळी आहे. शरीर ते मुख्यतः जन्माआधी आणि बालपणी तयार करतं. ती शिदोरी आयुष्यभर पुरवायची असते. म्हणून नवं आणण्यापेक्षा आहे ते जपणं महत्त्वाचं.

वयापेक्षा मोठा चोर

तुमच्या दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा पाहा आणि मग मनगटाच्या वरची पाहा. वय दोन्हींचं एकच आहे. मग इतका फरक कशामुळे? उन्हामुळे.

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजन कुरतडणारी विकरं वाढतात. म्हणजे विणकर मंदावलेले असतानाच उंदीर वाढतात. यातले यूव्हीए किरण खोलवर जातात आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. 2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरून लोंबली होती, उजवी मात्र बरीच तरुण होती. एकाच चेहऱ्यावर दोन वयं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपली उजवी बाजू सांभाळायला हवी.

आपल्या सावळ्या रंगातलं मेलॅनिन हे नैसर्गिक छत्रीचं काम करतं. त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. आपल्यावर उन्हाचा परिणाम आधी डाग आणि काळवंडणं या रूपात दिसतो. पण छत्री आहे म्हणून पाऊस लागतच नाही, असं नाही.

ऊन सोडलं तर बाकीचे चोर ओळखीचेच आहेत. विडी-सिगारेट, आणि रक्तातली वाढलेली साखर. साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून ते कडक आणि ठिसूळ करते. मधुमेह आटोक्यात ठेवणं हाही त्वचेचा उपचार आहे.

मग करायचं काय?

पहिलं, सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर या गावी 55 वर्षांखालच्या 903 लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी दिसलं. एसपीएफ 30 किंवा जास्त, आणि यूव्हीएपासून संरक्षण देणारं घ्या. चेहरा आणि गळ्यासाठी दोन बोटांच्या लांबीइतकं घ्या, चिमूटभर नको. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. ओढणी, टोपी, छत्री, पूर्ण बाह्यांचा सदरा यांना एक रुपयाही जास्त लागत नाही.

दुसरं, ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वाचं रूप आहे. विणकर पेशींना पुन्हा कामाला लावतं, याचे भक्कम पुरावे असलेलं हे मलम आहे. रात्री, वाटाण्याएवढं. सुरुवातीला त्वचा कोरडी, लाल होते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणी वापरायचं नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तर नाहीच.

तिसरं, ताट. कोलॅजन विणायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे, आणि आवळा, पेरू, लिंबू. तेल चोळल्याने वरची त्वचा मऊ राहते, पण आतली सुतळी नवी होत नाही.

लेझर किंवा सुयांचे उपचार आहेत, पण आपल्या रंगाच्या त्वचेवर चुकीच्या हातांनी झाले तर काळे डाग मागे राहतात. डॉक्टरची पदवी पाहूनच पुढे जा.

आणि एक कळकळीची विनंती. औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून 'गोरं करणारं' मलम आणू नका. अशा अनेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात. 2018 साली केंद्र सरकारने मलमांतली 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी माझ्याकडे अशा चेहऱ्यांच्या मुली येतच असतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत एक साधी गोष्ट करून पाहिली. हातापायांना दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर. त्वचा फाटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. आईला मी आता आंघोळीनंतर आणि झोपताना लावते. तिला आंघोळीला कढत पाणी देत नाही. उठवताना दंडाला धरून ओढत नाही, खालून आधार देते. चिकटपट्टीऐवजी सुती पट्टी गुंडाळते, आणि कधी लावावीच लागली तर पाण्याने किंवा तेलाने भिजवून सावकाश सोडवते. आणखी एक. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी उभी राहिली म्हणून शरीरातलं पाणी कमी झालं असं ठरवू नका. लवचिकता गेल्यामुळेही ती तशी राहते. जीभ कोरडी आहे का, लघवी कमी किंवा गडद होते का, ते पाहा.

आता हैदराबादच्या मैत्रिणीला उत्तर. कोलॅजनचा रेणू इतका मोठा असतो की मलमातून तो त्वचेत शिरतच नाही. आणि खाल्लेलं कोलॅजन पोटात पचून त्याचे तुकडे होतात, ते गळ्याकडेच जातील असा काही पत्ता त्यांच्यावर लिहिलेला नसतो. त्याच्या बाजूने जे प्रयोग दाखवले जातात, त्यातल्या अनेकांना विकणाऱ्यांचाच पैसा आहे. म्हणून ताई, माझं मत असं की ती पावडर बंद करा. त्या तीन हजारांत चांगलं सनस्क्रीन येईल, घरभर पुरेल इतकी डाळ आणि फळं येतील, आणि वर एकदा त्वचेच्या डॉक्टरांची फीही निघेल. गळा पूर्वीसारखा होईल असं वचन मी देत नाही. आहे तो जास्त काळ चांगला राहील, एवढं नक्की.

आणि घरी आई-सासूबाई असतील, तर आज रात्री त्यांच्या हाताला थोडं क्रीम लावून द्या. जुन्या लुगड्याला लावतो तसा, हलक्या हाताने.

पुढच्या भागात पायांच्या भेगांबद्दल बोलू. नमस्कार.