यात्रेहून काय आणाल?

नवरात्रात कन्हानची पुष्कळ माणसे कोराडीला जातात. देवीचे दर्शन घेतात, ओटी भरतात. येताना पोरांसाठी फुटाणे आणि खेळणी आणतात. हे चांगलेच आहे. पण प्रवासातून आणखी एक गोष्ट आणता येते. तिला पैसा पडत नाही, तिचे ओझेही होत नाही. ती म्हणजे चार ठिकाणी डोळ्यांनी पाहिलेले शहाणपण.

कोराडीचेच बघा. देवळाच्या गावीच विजेचे मोठे केंद्र आहे. त्याची उंच धुराडी दुरून दिसतात. वीज करायला पाणी फार लागते. हे पाणी कुठून येते, असे कधी विचारले का?

नागपूर शहर पेंच धरणाचे आणि आपल्या कन्हान नदीचे पाणी पिते. वापरलेले पाणी गटारातून नाग नदीत जाते. नाग नदी पुढे खालच्या अंगाला कन्हानलाच मिळते. म्हणजे नदीने चांगले पाणी दिले आणि तिला परत मिळाली घाण! यावर एक उपाय निघाला. २००८ साली नागपूर महानगरपालिका आणि सरकारी वीज कंपनी यांच्यात करार झाला. आता भांडेवाडीला गटाराचे पाणी साफ करतात आणि नळाने कोराडीच्या केंद्राला देतात. दिवसाला १३ कोटी लिटरची ही योजना आहे. तेवढे धरणाचे पाणी वाचते. नाग नदी अजून मैलीच आहे, हेही खरे. पण वाट सापडली आहे.

आता थोडे लांब जाऊ. नागपूरहून वर्ध्याची वाट धरा. वाटेत पवनारला विनोबांचा आश्रम लागतो. वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. त्यांची कुटी माती, बांबू आणि कवेलू अशा जवळच्याच सामानाची आहे. आलेल्या पत्राची कोरी बाजू गांधीजी लिहायला वापरत. आश्रमात मैल्याचेही सोनखत होई. फुकट जाईल असे ते काही ठेवत नसत. वर्धा शहरात मगन संग्रहालय आहे. ते १९३८ साली गांधीजींनी उघडले. खेड्यातल्या धंद्यांची साधने तिथे पाहावीत.

आज जगभर अशा शेतीला ‘पर्माकल्चर’ म्हणतात. म्हणजे कायम टिकणारी शेती. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९७८ साली पुस्तक लिहून हे नाव रूढ केले. गोष्ट सोपी आहे. मोरीचे पाणी केळीला, पालापाचोळा खताला, कोंबड्यांची विष्ठा झाडाला. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा घास.

आपल्या विदर्भातही एक युक्ती निघाली. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी खताची टाकी काढली. त्यांच्या नावावरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी विटांची टाकी बांधायची. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवायची. आधी काडीकचऱ्याचा थर द्यायचा. त्यावर शेणाचा पातळ काला शिंपडायचा. मग चाळलेली माती पसरायची. असे थरावर थर देऊन वरून शेणमातीने लिंपायचे. ओल मात्र टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार! शेण थोडे, खत पुष्कळ. कुणाच्या शेतात अशी टाकी दिसली तर मालकाला विचारून जरूर पाहा.

कुठेही गेलात तरी तीन प्रश्न विचारा. इथले पाणी कुठून येते? वापरून झाल्यावर कुठे जाते? इथल्या कचऱ्याचे काय होते? जाताना पाण्याचे भांडे आणि कापडी पिशवी घरूनच न्या. दुसऱ्याच्या गावात आपला कचरा टाकून येऊ नका.

परत आल्यावर पाहिलेले पारावर बसून चौघांना सांगा. मग आपल्या घरामागे जा. मोरीचे पाणी कुठे जाते, ते बघा. ते रस्त्यात साचत असेल तर त्या जागी चिखल होतो, डास होतात. तिथून एक चर खणा आणि चराच्या टोकाला केळीचे एक खुंट लावा. यात्रेचा हा प्रसाद वर्षभर पुरेल.