दोन फ्रेमच्या मधली जागा: स्टॉप मोशन करता करता सिनेमा शिकणं

या मालिकेत सिनेमा कसा बघावा यावर बरंच बोलणं झालं आहे. आज आम्ही करण्याबद्दल बोलणार आहोत. आमचा सहा जणांचा गट. ॲनिमेशन आणि चित्रपटाचा इतिहास शिकत असताना एका सत्रात आम्ही ५० सेकंदांची एक स्टॉप मोशन फिल्म केली. तिच्यात एक बाई भाकरी करते, एवढंच. ती फिल्म किती चांगली झाली हा आजचा विषय नाही. विषय असा आहे की, आधी खूप बघावं, वाचावं आणि मग हात घालावा, की बघणं आणि करणं बरोबरीनं चालावं? हा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना पडतो, कारण वेळ थोडा असतो आणि पैसे त्याहून थोडे. आमचं म्हणणं असं की दोन्ही बरोबरच करावं. का, ते उदाहरणांनी सांगतो.

आधी स्टॉप मोशन म्हणजे काय ते दोन वाक्यांत. बाहुली, माती, आगकाडी, काहीही घ्या. एक फोटो काढा, वस्तू किंचित हलवा, पुन्हा फोटो काढा. हे फोटो वेगानं एकापाठोपाठ दाखवले की वस्तू आपणहून हलल्यासारखी दिसते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. बहुतेक वेळा प्रत्येक फोटो दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटो पुरतात. याला 'टूज'वर काम करणं म्हणतात. फार वेगवान हालचाल असेल किंवा कॅमेराही सरकत असेल तर २४ घ्यावे लागतात.

आता, पडद्यावर तर नुसते थांबलेले फोटो आहेत. मग हालचाल आली कुठून? आपण शाळेत शिकतो की डोळ्यात प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. नुसती प्रतिमा रेंगाळली असती तर एकावर एक चढलेला गोंधळ दिसला असता. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ साली दाखवून दिलं की दोन ठिकाणी लागोपाठ दिसलेल्या गोष्टींमध्ये हालचाल जोडण्याचं काम आपला मेंदू करतो. म्हणजे हालचाल फोटोत नसतेच, ती दोन फोटोंच्या मधल्या जागेत असते, आणि ती जागा प्रेक्षक भरतो. ॲनिमेटर फक्त ठरवतो की ती जागा किती मोठी ठेवायची. आज पुढे जे सांगणार आहोत ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

फाळक्यांचा वाटाणा

योगायोग बघा, त्याच १९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळके हाच प्रश्न कुंडीपुढे बसून सोडवत होते. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली. वाटाण्याचं बी रुजतं, अंकुर येतो, वेल चढतो. ती दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं आणि १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. भारतीय कथापटाच्या आधी एक वाटाण्याचं रोप आहे, हे आपण विसरतो.

या फिल्मबद्दल सांगताना 'रोज एक फ्रेम घेतली' असं म्हटलं जातं. ऐकायला छान आहे. पण आम्ही वहीवर हिशोब मांडला. तेव्हाचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरू. महिनाभर रोज एक म्हणजे ३० फ्रेम, म्हणजे जेमतेम दोन सेकंद! फिल्म मिनिटभराची हवी असेल तर ९६० फ्रेम लागतात. महिन्याच्या ३० दिवसांत त्या वाटल्या तर रोज ३२. दिवसरात्र समान अंतरानं घेतल्या तर दर ४५ मिनिटांनी एक. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: उजेडाचं काय? उन्हात ठेवली तर सावली कुंडीभोवती फिरणार, ढग आला की चित्र काळवंडणार. म्हणजे बंद खोली हवी, दिवा हवा, आणि दर पाऊण तासाला उठणारा माणूस हवा.

आता बघा, परीक्षेपुरतं आपण 'अंकुराची वाढ, १९१२' इतकंच पाठ केलं असतं. स्वतः फ्रेम मोजायला लागल्यावर त्या ओळीमागची मेहनत दिसते. दंतकथा आणि काम यांतला फरक कळतो. फाळक्यांनी पुढे १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' ही आगकाड्या हलवून केलेली फिल्म केली, आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारीही एक फिल्म केली. म्हणजे करणं आणि समजावणं हे आपल्याकडे पहिल्यापासून बरोबरच होतं.

भाकरीची थाप

आता आमच्या फिल्मकडे येतो. भाकरीच का? कारण ती कृती सगळ्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे खोटेपणा लगेच पकडला जातो. आमच्यातल्या एकाच्या आजीला आम्ही भाकरी करताना मोबाइलवर चित्रित केलं आणि ते चित्रीकरण फ्रेम फ्रेम मोजलं. त्यांची एक थाप साधारण ८ फ्रेमची होती, म्हणजे सेकंदाला तीन थापा. टूजवर काम करायचं तर एका थापेला फक्त चार फोटो मिळतात. या चार फोटोंत सगळा संसार बसवायचा!

आम्ही मुद्दाम दोन चाचण्या केल्या. पहिलीत हात समान अंतरानं वर गेला आणि समान अंतरानं खाली आला. दुसरीत वाटणी वेगळी केली: एका फोटोत हात वर, पुढच्याच फोटोत एकदम पिठावर, आणि पिठावर तो आणखी एक फोटो तसाच दाबलेला. उरलेला एक फोटो उचलण्याचा. फोटो दोन्हीकडे चारच. दोन्ही आजींना दाखवल्या. पहिली बघून त्या म्हणाल्या, "ही भाकरी नाही थापत, टाळ्या वाजवतेय." दुसरी बघून म्हणाल्या, "हिच्या हाताला जोर आहे. पण भाकरी फिरत नाही रे."

पुस्तकात याला टायमिंग आणि स्पेसिंग म्हणतात. टायमिंग म्हणजे कृतीला किती फ्रेम, स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेममध्ये वस्तूची अंतरं कशी. वजन, जोर, थकवा हे सगळं स्पेसिंगमधून येतं. व्याख्या आम्हाला पाठ होती. पण कळली ती आजींच्या वाक्यानं. आणि त्यांचं दुसरं वाक्यही खरंच होतं: प्रत्येक थापेबरोबर भाकरी थोडी थोडी फिरते, म्हणून ती गोल होते. मग आम्ही प्रत्येक थापेला भाकरी थोडी फिरवली.

भाकरी मोठी होत जाते, ते कसं दाखवायचं? एकच गोळा दाबत नेला तर बोटांचे ठसे नाचतात. म्हणून वाढत्या आकाराच्या १४ भाकऱ्या आधीच करून ठेवल्या आणि एक काढून दुसरी ठेवत गेलो. याला रिप्लेसमेंट म्हणतात. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या १९९३ च्या फिल्ममध्ये नायक जॅकच्या चेहऱ्यासाठी अशी शेकडो डोकी केली होती. तत्त्व तेच, आमच्या परातीतलं.

साहित्याबद्दल एक सूचना. शाडूची माती स्वस्त असते आणि गणपतीमुळे हाताला ओळखीची असते, पण ती पाण्यावरची माती. दिव्याखाली सुकते, तडकते. स्टॉप मोशनला तेलकट प्लॅस्टिसिन बरी, ती सुकत नाही. मात्र उन्हाळ्यात मऊ पडते. म्हणून आत ॲल्युमिनियमच्या तारेचा पीळ घालून सांगाडा करायचा आणि बाहुलीचे पाय खालून स्क्रूनं फळीला आवळायचे. बाहुली उभी राहिली नाही तर अभिनयाचा प्रश्नच येत नाही.

उजेड स्थिर, बाकी सगळं हलतं

नवशिक्यांच्या फिल्ममध्ये सगळ्यात आधी दिसतो तो लुकलुकणारा उजेड. त्याची कारणं मोजकी आहेत. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो प्रत्येक फोटोला स्वतःचा विचार करतो. म्हणून एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं हातानं ठरवून बांधून टाकायचं. खिडकी कापडानं पूर्ण बंद. विजेचा दाब कमीजास्त झाला की साध्या पिवळ्या बल्बचा उजेड बदलतो. शॉटच्या मध्येच वीज गेली तर दिवे परत येईपर्यंत बाहुलीला हात लावायचा नाही. आणि काम करणाऱ्यानं गडद कपडे घालायचे, कारण पांढऱ्या शर्टावरून परावर्तित झालेला उजेडही चित्रात उतरतो आणि तुम्ही जागा बदलली की तोही बदलतो.

हे सगळं सांभाळायला लागल्यावर जुन्या फिल्म वेगळ्या दिसू लागतात. १९३३ चा 'किंग काँग' घ्या. काँगच्या अंगावरची लव सतत थरथरते. पहिल्यांदा पाहताना आम्हाला तो राग वाटला होता. काम केल्यावर कळतं की ते ॲनिमेटरच्या बोटांचे माग आहेत. प्रत्येक फ्रेमला बाहुली धरावी लागली, आणि सशाच्या कातडीवरचे केस विस्कटले. पुढे २००९ साली वेस अँडरसननं 'फँटास्टिक मिस्टर फॉक्स' केला तेव्हा हेच थरथरणं मुद्दाम ठेवलं. जी गोष्ट एका काळात नाइलाज होती ती दुसऱ्या काळात शैली झाली. इतिहास वाचून हे वाक्य समजतं, पण पटतं ते बोटांना.

मिनिटाचा भाव

आता सगळ्यात व्यावहारिक मुद्दा. विद्यार्थी पाच मिनिटांची गोष्ट लिहितात. हिशोब करा: टूजवर एक मिनिट म्हणजे ७२० फोटो. पाच मिनिटं म्हणजे ३,६००. आमचा वेग दिवसाला ४८ फोटो, म्हणजे चार सेकंद. त्या वेगानं पाच मिनिटांना ७५ दिवस नुसतं चित्रीकरण. ५० सेकंदांना ६०० फोटो, म्हणजे साडेबारा दिवस. म्हणून आम्ही ५० सेकंद निवडले. गोष्ट छोटी केली म्हणजे महत्त्वाकांक्षा छोटी केली असं नाही. एक कृती पूर्ण करणं हे पाच अर्धवट कृतींपेक्षा जास्त शिकवतं.

याची दुसरी बाजूही आहे. निक पार्क यांनी 'अ ग्रँड डे आउट' ही वॉलेस आणि ग्रॉमिटची पहिली फिल्म ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये विद्यार्थी असताना सुरू केली. ती पूर्ण झाली १९८९ साली, आर्डमन स्टुडिओत नोकरी करता करता. शिक्षण संपलं, फिल्म चालूच राहिली. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ती हरली ती पार्क यांच्याच 'क्रिएचर कम्फर्ट्स'पुढे! पण अशी वर्षं प्रत्येकाकडे नसतात. घरी परिस्थिती काय, भाडं कोण भरणार, याचा विचार करूनच फिल्मची लांबी ठरवावी. यात कमीपणा काही नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: आता संगणक क्षणात हालचाल तयार करून देतो. मग हातानं हे सगळं का शिकायचं?

उत्तर: रास्त प्रश्न आहे. 'जुरासिक पार्क'ची गोष्ट सांगतो. १९९३ च्या या फिल्ममधले बरेच डायनासोर आधी फिल टिपेट यांच्या चमूच्या स्टॉप मोशनच्या पद्धतीनं होणार होते. संगणकावरची चाचणी बघितल्यावर निर्णय बदलला. पण टिपेट घरी गेले नाहीत. प्राणी वजन कसं पेलतो, वळताना आधी काय हलतं, हे त्यांच्या लोकांना ठाऊक होतं. त्यांच्यासाठी सांध्यांना सेन्सर लावलेले सांगाडे केले गेले. ते हातानं हलवले की संगणकातला डायनासोर हलायचा. साधन बदललं, जाण उपयोगी पडली. संगणक तुम्हाला दहा हालचाली देईल. त्यातली टाळी कुठली आणि थाप कुठली, हे ओळखणारं माणूस तरीही लागेलच.

प्रश्न: आमच्याकडे कॅमेरा नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर: मोबाइल पुरतो. तो टेबलावर घट्ट बांधा, हातात धरू नका. स्टॉप मोशनची साधी ॲप्स मिळतात. त्यांत आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे किती हलवलं ते कळतं. एक नाणं घ्या. ते टेबलावरून घसरत येऊन थांबतं, असं दोन सेकंदांत, २४ फोटोंत दाखवा. आधी समान अंतरानं करा. मग थांबण्याच्या दिशेनं अंतर कमी कमी करत करा. दोन्ही लागोपाठ बघा. आणि मग घरातल्या अशा कुणाला तरी दाखवा, ज्यांना ॲनिमेशनमधलं काही माहीत नाही. ते काय म्हणतात ते लिहून ठेवा. पुढच्या भागात आपण आवाजाबद्दल बोलू. तेव्हा ती नाण्याची फिल्म जवळ असू द्या.