म्हातारपणाचा भ्रम की रक्तातले सोडियम ?



सोडियम हे नाव आपणांस नवे नाही. निचरा नसलेल्या रानात सोडियम साठले की जमीन चोपण होते. जमिनीत ते जास्त झालेले वाईट. माणसाच्या रक्तात मात्र ते कमी झाले तरी जिवावर बेतते. दवाखान्यात दाखल असलेल्या वयस्कर रुग्णांत हा बिघाड नेहमी आढळतो आणि घरची मंडळी "वय झालं, बरळायचंच" म्हणून सोडून देतात. सबब या अंकात उसाऐवजी या विषयाची माहिती देत आहे.

रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असावे लागते. ते १३५ च्या खाली गेले म्हणजे कमी आणि १२५ च्या खाली गेले म्हणजे गंभीर समजतात.

सोडियम कमी म्हणजे मीठ कमी खाल्ले, असा सर्वांचा समज असतो. पण पुष्कळदा मीठ कमी नसते, पाणी जास्त झालेले असते. घागरभर उसाच्या रसात तांब्याभर पाणी ओतले तर ब्रिक्स उतरतो. साखर तेवढीच असते, फक्त रस पातळ झालेला असतो. रक्ताचेही तसेच होते.

उतारवयात जादा पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी होते. त्यात न्यूमोनिया, ऑपरेशन, वेदना किंवा मळमळ असली की शरीर पाणी धरून ठेवते. रक्तदाबावरच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, तसेच फिटच्या व उदासीनतेच्या आजारावरची काही औषधे यांनीही सोडियम उतरते. उलट्या-जुलाब झाल्यावर नुसते पाणी पाजले, किंवा म्हातारा माणूस जेवण सोडून चहा-बिस्किटावरच राहिला, तरी हेच घडते.

रक्त पातळ झाले की पाणी मेंदूच्या पेशींत शिरते व मेंदू सुजतो. कवटी काही फुगत नाही, म्हणून आत दाब वाढतो. सुरुवातीस मळमळ, डोके दुखणे, सुस्ती, तोल जाणे. पुढे माणूस घरच्यांना ओळखत नाही, असंबद्ध बोलतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. काल बरा बोलणारा माणूस आज अचानक बरळू लागला, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नसते. अशा वेळी 'बाहेरचं' बघण्यात वेळ दवडू नये.

उपचार मात्र डॉक्टरांचाच. कारणाप्रमाणे तो उलटसुलट असतो. एकाला सलाईन लागते, तर दुसऱ्याचे पाणी मोजून कमी करावे लागते. बरेच दिवस कमी राहिलेले सोडियम घाईने चढवले तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणास इजा होऊन बोलणे, गिळणे, हातपाय चालणे बंद पडू शकते. म्हणून २४ तासांत साधारणतः ८ ते १० पेक्षा जास्त वाढ होऊ देत नाहीत. सबब "एकदम बाटली लावा" असा आग्रह धरू नये.

नातेवाइकांनी एवढे करावे :

१) हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात न्या की नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, चालू असलेल्या सर्व गोळ्या पाकिटासह बरोबर न्याव्यात.

२) उलट्या, जुलाब, पिलेले पाणी व झालेली लघवी यांची चिठ्ठीवर नोंद ठेवावी.

३) बोलण्या-वागण्यात फरक दिसताच नर्सबाईंना सांगावे व सोडियमची तपासणी झाली का, हे विचारावे.

४) आपल्या मनाने मीठपाणी पाजू नये, हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णास ते घातक ठरते. नारळपाण्यातही सोडियम थोडेच असते, पोटॅशियम जास्त.

५) रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

घरात उसाइतकीच म्हाताऱ्या माणसांचीही निगा असावी. वेळेवर ओळखले तर यातले पुष्कळ रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी येतात. तरी सर्व सभासदांनी ही माहिती घरात वाचून दाखवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी