कुतलुघ ख्वाजा आणि देवगिरीचें सोनें

मोंगलांचें नांव निघालें कीं वाचकांस चंगीझखान आठवतो. परंतु त्याच्याच वंशांतील एका राजपुत्राची कथा महाराष्ट्राच्या इतिहासाशीं निगडित आहे, हें आपल्याकडे क्वचितच सांगितलें जातें. त्याचें नांव कुतलुघ ख्वाजा; मध्य आशियांतील चगताई राज्याचा अधिपति दुवाखान याचा तो पुत्र.

इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर अकस्मात् छापा घातला. युवराज फौज घेऊन बाहेर गेला होता. रामदेवराव यादवास अपार धन देऊन तह करावा लागला. याच वर्षीं ज्ञानेश्वरमहाराजांनीं आळंदीस समाधि घेतली. देवगिरीचें सोनें उधळून अल्लाउद्दीननें दिल्लीचे सरदार वश केले, चुलत्याचा खून पचविला आणि सैन्य वाढविलें.

तीन वर्षांनीं, १२९९ मध्यें, कुतलुघ ख्वाजा दिल्लीवर चालून आला. वाटेंतील गांवें लुटण्यांत त्यानें शक्ति दवडली नाहीं. थेट राजधानी घ्यावी, हा त्याचा बेत होता. भयभीत लोक शहरांत शिरले. रस्त्यांत व मशिदींत उभें राहण्यास जागा उरली नाहीं. युद्ध लांबवावें, असा कोतवालानें सल्ला दिला. सुलतानानें तो मानला नाहीं.

कीलीच्या रणांत सुलतानाचा सरदार जाफरखान मोंगलांच्या एका फळीवर तुटून पडला. फळी हटली व तो कित्येक कोस तिच्या पाठीस लागला. पळाल्याचें सोंग करून शत्रूस दूर ओढणें, ही मोंगलांची जुनी युक्ति! दबा धरून बसलेल्या तर्घीनें त्यास मागून गांठलें. दुसरा सरदार उलुघखान मदतीस गेलाच नाहीं. जाफरखान लढतां लढतां पडला. तथापि सुलतानाची मुख्य फौज अभंग होती. राजपुत्र परत फिरला आणि वाटेंतच मरण पावला.

पुढें १३०६ पर्यंत मोंगलांच्या स्वाऱ्या चालूच राहिल्या. त्या थोपविण्याकरितां अल्लाउद्दीननें प्रचंड खडी फौज ठेवली व तिचें वेतन पुरावें म्हणून बाजारांतील धान्याचे भावहि बांधून दिले. स्वाऱ्या ओसरतांच ती फौज मोकळी झाली. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर तीच घेऊन देवगिरीवर आला.

कुतलुघ ख्वाजाचें पाऊल दक्षिणेंत कधींच पडलें नाहीं. तरीहि त्याच्या धाकानें उभी राहिलेली आणि आपल्याच सोन्यावर प्रथम पोसलेली ती फौज अखेर आपल्यावर उलटली. देवगिरीनें धन सांठविलें, पण पहारा राखला नाहीं. आणि ज्याचा पहारा ढिला, त्याचें धन दुसऱ्याचें शस्त्र होतें.