डीएनएच्या गाठी कोण सोडवतं?

उन्हात रापलेली कातडी काही आठवड्यांत पूर्ववत होते. पण अतिनील किरणांनी पेशींतल्या डीएनएचीही मोडतोड केलेली असते. ती कोण निस्तरतं? पेशीतलीच दुरुस्ती-प्रथिनं. ती कशी बनवायची, हे काही खास जनुकांत नोंदलेलं असतं.

असं जनुक बंद पाडलं तर? माणसावर हा प्रयोग करता येत नाही. म्हणून 'सी. एलेगन्स' हा जेमतेम 1 मिलिमीटरचा, पारदर्शक गोलकृमी कामी येतो. तीनेक दिवसांत तो प्रौढ होतो, त्यामुळे अनेक पिढ्या पटकन तपासता येतात.

त्याचं 'डॉग-1' हे जनुक मला फार रंजक वाटतं. डीएनएत ग्वानिन हे अक्षर ओळीनं पुष्कळदा आलं, की शिवणाच्या दोऱ्यासारखा धागा स्वतःभोवतीच गुरफटू शकतो. डॉग-1चं प्रथिन तो गुंता सोडवतं. ते नसेल, तर प्रत काढणारी यंत्रणा तिथे अडखळते आणि कधी कधी तेवढा तुकडाच गळून जातो. बीजपेशीत हे घडलं, तर पुढच्या पिढीला तो मिळत नाही.

माणसातही या जनुकाचं भावंड आहे, 'एफएएनसीजे'. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा दुर्मीळ आजार होतो; एकच सदोष असेल, तर स्त्रियांत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.