हंगाम संपला की बारावी सायन्स

बिद्रीच्या मौनीनगरात दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की कागल-भुदरगड-राधानगरी पट्ट्यातला ऊस कोल्हापूर-गारगोटी रस्त्याने इकडे वळतो. गव्हाणीपासून पोत्यापर्यंत त्या उसाचे जे जे होते, त्यात बारावी सायन्सचा निम्मा अभ्यासक्रम दडलेला असतो. गंमत अशी, की तो रोज हाताळणाऱ्या कामगारांपैकी अनेकांची शाळा दहावीलाच सुटलेली असते.

पाक उकळून साखरेचा दाणा धरवणाऱ्या पॅनमनचेच काम पाहा. साधारण २५-२६ इंच निर्वात ठेवला, की पॅनमधला पाक ६०-६५ अंशांवर उकळतो. उघड्या कढईत त्याला शंभराच्या वर तापवावे लागले असते आणि साखर काळवंडली असती. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८१३च्या सुमारास ही युक्ती साखरधंद्यात आणली. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो, हे पुस्तकातले वाक्य पॅनमनला वाचून कळायचे नसते. काचेवर नमुना घेऊन दाणा धरला की नाही, हे तो नजरेने सांगतो. अडतो तो पुढे, आलेख आणि लॉगॅरिथम सुरू झाले की.

प्रयोगशाळेतही तेच. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे शेकडा प्रमाण, पोल म्हणजे त्यातली साखर. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल, तर प्युरिटी ८५ टक्के. हा शेकडेवारीचा हिशेब. पण पोल मोजणारा पोलॅरिमीटर साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाचे प्रतल किती वळते ते पाहतो, आणि त्याचे कारण शोधू गेले की प्रकाशशास्त्र आणि सेंद्रिय रसायन दोन्ही उघडावे लागतात. चुना घालून रसाची आम्लता का मारायची? नाही मारली तर साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, ती पुन्हा दाण्यात येत नाहीत आणि उतारा घसरतो.

इथून वर जायचे तर कानपूरची १९३६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय शर्करा संस्था आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पण साखर तंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाला आधी विज्ञानाची पदवी लागते, आणि पदवीला बारावी सायन्स. पस्तिशीतल्या कामगाराची गाडी याच फाटकापाशी थांबते.

मुक्त शिक्षणाने दुसऱ्या बाजूची दारे कधीच उघडली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले आणि बारावी न झालेल्यांना त्याच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाने बी.ए., बी.कॉम.पर्यंत आणले. कितीतरी गृहिणी आणि नोकरदार त्या वाटेने पदवीधर झाले. विज्ञानाला मात्र असा आडमार्ग मिळाला नाही, आणि त्यात अन्याय शोधण्यात अर्थ नाही. इतिहासाचे एखादे प्रकरण सोडून पुढचे वाचता येते. मोल म्हणजे काय हे न समजता रसायनाचे पुढचे पान उलटत नाही. शिवाय प्रात्यक्षिके असतात, ती एरवी घरबसल्या होत नाहीत.

तरी वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एन.आय.ओ.एस.) दहावी झालेल्याला बारावीसाठी वयाची वरची मर्यादा नाही. नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. भौतिकशास्त्र यंदा, रसायन पुढच्या खेपेला, असे जमते. परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. साखर कामगाराने यातली दुसरी धरावी. गाळप आटोपल्यावरचा उन्हाळा-पावसाळा अभ्यासाला मिळतो. एप्रिलची परीक्षा द्यायची तर ऐन हंगामात रात्रपाळी करून पुस्तक उघडावे लागते.

अवघड जाते ते बीजगणित आणि इंग्रजी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्याला ‘त्वरण’ कळते, ‘ॲक्सिलरेशन’ ऐकले की तो बिचकतो. मराठीत विज्ञान लिहिण्याची परंपरा याच जिल्ह्यात जुनी आहे: कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच पदार्थविज्ञान आणि रसायन मराठीत आणले होते. अशा कामगारांसाठी पूर्वतयारीचा वर्ग काढून त्यात निदान पहिले दोन महिने दोन्ही शब्द शेजारी ठेवून शिकवले, तर निम्मी भीती जाईल.

प्रात्यक्षिकांवर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ साली वेगळा तोडगा काढला. प्रवेशाला कोणतीही परीक्षा पास असण्याची अट नव्हती. विज्ञानाच्या पायाभूत वर्गाला बसलेल्यांना प्रयोगाचे साहित्य घरपोच मिळे, त्यात प्लॅस्टिकचा छोटा सूक्ष्मदर्शकही असे. गिरणी कामगार, टपालवाले स्वयंपाकघराच्या टेबलावर प्रयोग करू लागले, ते यामुळेच.

काम करणाऱ्यांनाही विज्ञान शिकवण्याचा विचार आपल्याकडे नवा नव्हता. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेले जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव होते. आयोगाने दहावीपर्यंत सर्वांना विज्ञान आणि काम करणाऱ्यांना अर्धवेळ, टपालाने शिक्षण, अशा दोन्ही शिफारशी केल्या. बिद्रीपासून जवळच, गारगोटीला नाईकांनी १९५२ साली मौनी विद्यापीठ उभारण्यात पुढाकार घेतला होता. खेड्याच्या कामाशी जोडलेले शिक्षण हीच त्याची कल्पना.

त्या दोन शिफारशी एकत्र आणायला नवी इमारत लागणार नाही. परिसरातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा उन्हाळी सुट्टीत कुलूपबंद असतात, आणि नेमके तेव्हाच कारखान्याचे धुराडे थंड असते. साहाय्यक प्राध्यापकाला सुट्टीतल्या कामाचा मोबदला आणि अनुभवी केमिस्टला आठवड्यातून एक तास, एवढ्यावर शनिवार-रविवारचा वर्ग चालेल. पहिला धडा प्युरिटीच्या हिशेबाचा ठेवावा. टायट्रेशन दुसऱ्या आठवड्यात घेता येईल.